कॅनव्हा, एआय आणि आपल्या डिझायनर लोकांचं पोटपाणी: एका सविस्तर प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा नाशिकचा आहे, सहाएक वर्षं झाली स्वतःचं छोटं ऑफिस आहे, लोगो, पत्रिका, फ्लेक्स, अधूनमधून पॅकेजिंग असं मिक्स काम. हल्ली क्लायंट कॅनव्हावर (तयार टेम्प्लेटवरून डिझाईन करायचं ऑनलाइन ॲप) नाहीतर चॅटजीपीटीवर स्वतःच काहीतरी बनवून आणतात आणि म्हणतात फक्त फिनिशिंग करून द्या, दोनशे रुपये देतो. त्याला तीन गोष्टी विचारायच्यात, हे फील्ड संपलं का, सॉफ्टवेअरवर पैसे घालावेत का, आणि धाकट्या बहिणीला अप्लाइड आर्टला ॲडमिशन घ्यायचीय तर तिला घेऊ द्यावी का.

मी पुण्यात डीटीपीपासून, म्हणजे कंप्युटरवर छपाईची पानं जुळवण्यापासून, सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं मुख्यतः पॅकेजिंग करतो, त्यामुळे माझं उत्तर छपाईच्या बाजूने जास्त झुकेल, वेबवाले वेगळं सांगतील. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

काही काम गेलंय आणि ते परत येणार नाही, हे आधी मान्य करून टाक. व्हॉट्सॲपवर फिरणारी पत्रिका, गुढीपाडव्याच्या शुभेच्छांची पोस्ट, साधं व्हिजिटिंग कार्ड, क्लासचं हँडबिल. दुकानदाराची दहावीतली मुलगी मोबाईलवर वीस मिनिटांत करते आणि खरं सांगायचं तर आपल्या लाइनमधले काही जण करायचे त्यापेक्षा बरं करते. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं म्हणशील तर त्यात डिझाईनचे पैसे होतेच कधी? फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटाचा रेट घ्यायचा आणि डिझाईन त्यातच, भाऊंचा फोटो मोठा, कार्यकर्त्यांचे फोटो खाली ओळीने, झालं. ते कॅनव्हाने खाल्लं असं म्हणून गळा काढण्यात काही अर्थ नाही.

आता लोक म्हणतात की कंप्युटर आला तेव्हाही असंच झालं होतं, मग सगळं सुरळीत झालं. अर्धं खरं आहे. १९८५ मध्ये पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आणि ॲपलचा लेझर प्रिंटर आला आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडे खिळे जुळवणारे कंपोझिटर, ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर उतरवलेला मजकूर) कापून रबर सोल्युशनने पेस्टिंग करणारे आर्टिस्ट हे सगळे बाजूला पडले. २००० नंतर फ्लेक्स आलं आणि गावोगावचे पेंटर संपले, ज्यांचा हात इतका तयार होता की खडूने दोन रेघा मारून थेट ब्रशने अक्षर काढायचे. त्यातले काही फ्लेक्सच्या दुकानात लागले, बरेचसे घरं रंगवायला गेले, त्यामुळे सगळं सुरळीत झालं हे त्यांना विचारून बोलावं. पण एक फरक आहे. पेजमेकर, कोरल, फोटोशॉप हे विकलं गेलं आपल्या लोकांना, म्हणजे हत्यार बदललं तरी ते डिझायनरच्याच हातात राहिलं आणि ज्याने शिकून घेतलं तो टिकला. कॅनव्हा २०१३ मध्ये आलं ते पहिल्या दिवसापासून ज्याला डिझाईन येत नाही त्याच्यासाठी होतं, म्हणजे थेट आपल्या गिऱ्हाइकाला विकलेलं हत्यार. २०२२ मध्ये मिडजर्नी, डॅल-ई २ वगैरे शब्दांवरून चित्र काढणारे एआय आले, २०२३ मध्ये ॲडोबीने स्वतःचं एआय फायरफ्लाय आणलं आणि फोटोशॉपमध्येच जनरेटिव्ह फिल (फोटोतली जागा एआयने भरायची सोय) घातलं, मार्च २०२५ पासून चॅटजीपीटीमध्ये चित्रं इतकी सुधारली की सगळं गाव आपापल्या फोटोची कार्टून करून फिरवत होतं. म्हणून "नवीन सॉफ्टवेअर शिका म्हणजे टिकाल" हा सल्ला यावेळी अपुरा आहे. सॉफ्टवेअर तुझ्या क्लायंटलाही येतं.

मग क्लायंटला येत नाही ते काय, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण हवेत बोलून उपयोग नाही.

मध्यंतरी एक बाई आल्या, घरगुती मसाल्यांचा धंदा, आता पाव किलोचे पाउच करायचेत. कांदा लसूण मसाल्याचं पाकीट एआयकडून बनवून आणलेलं, फोनमध्ये दाखवलं तर खरंच झकास, लाल मिरच्या, पितळी खलबत्ता, मागे चूल, मला स्वतःला तो खलबत्ता सुचला नसता. त्यांचं म्हणणं, हेच छापायचंय, तुम्ही फक्त फाईल करून द्या. आता बघ त्यात काय काय होतं. चित्राची रुंदी १०२४ पिक्सल, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर साडेतीन इंचसुद्धा भरत नाही, पाउच सहा इंच रुंद. सगळं एकाच थरात चिकटलेलं, मॅटर म्हणजे मजकूर वेगळा नाही, फोटो वेगळा नाही, आणि आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, तो भडक केशरी-लाल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, आणला की विटकरी होतो. बारकोड म्हणून नुसत्या उभ्या रेघा, स्कॅनरला ते काहीच वाचता येणार नाही. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) लोगो बराचसा बरोबर पण खाली १४ आकडी नंबर हवा तिथे मनाने टाकलेले आकडे. शाकाहाराच्या खुणेच्या जागी एक गोड हिरवं पान, खरी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल, त्याचा आकारसुद्धा पाकिटाच्या दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. निव्वळ वजन लिहिलंय पण त्या आकड्याची उंची किती मिलिमीटर हवी याचा वजनमापाचा नियम आहे, तो त्या चित्राला कुठून माहीत असणार.

आणि हे झालं वरवरचं. पाउच रोटोग्रेव्हरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून, छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, चार रंगांचे चार, पांढऱ्याचा एक, ब्रँडचा खास लाल असेल तर तो आणखी वेगळा. पारदर्शक फिल्मवर आतल्या बाजूने उलटं छापतात, पांढरा सगळ्यात शेवटी, मग मागे दुसरी फिल्म लॅमिनेट होते. म्हणजे पांढरा कुठे घालायचा आणि कुठे सोडायचा हे डिझायनरने वेगळा थर करून सांगावं लागतं, खिडकी ठेवायची असेल, चांदीसारखी चमक हवी असेल तर तिथे पांढरा काढावा लागतो. बारीक काळं मॅटर एकट्या काळ्या सिलिंडरवरच हवं, चार रंगांतून आलं आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बसणं, केसभर हललं की घटकांची यादी वाचायला भिंग लागेल. सिलिंडर एकदा कोरले की चूक म्हणजे ज्या रंगात चूक आहे तो सिलिंडर पुन्हा, खर्च पुन्हा, आठवडा पुन्हा.

मी त्यांना काय सांगितलं, तर खलबत्त्याची आयडिया ठेवू, फोटो खरा काढू, तुमचाच मसाला ठेवून. आणि बिल लावलं ते पूर्ण पॅकेजिंगचं, फिनिशिंगचं नाही. थोडी खळखळ झाली, पण वरची यादी एकेक करून समोर दाखवली, सिलिंडरचा खर्च सांगितला, तेव्हा त्यांनी ऐकलं. ही यादी दाखवणं फार महत्त्वाचं आहे. "एआयचं काम चांगलं नसतं" असं मोघम म्हटलंस तर क्लायंटला वाटतं हा जळतोय, आणि काम दिसायला चांगलंच असतं त्यामुळे तू खोटाही पडतोस.

दुसरी गोष्ट बघ, साड्यांचे कॅटलॉग. मॉडेल, स्टुडिओ, मेकअप एवढा खर्च नको म्हणून आता दुकानदार साडीचा घडी घातलेला फोटो टाकतात आणि एआयकडून मॉडेलच्या अंगावर साडी नेसवून घेतात. प्लेन जॉर्जेटला चालून जातं. पैठणीला लगेच उघडं पडतं. काठ मुनियाचा असेल तर पोपटांचं काहीतरी पानासारखं होतं, नारळी काठ तर मध्येच दुसराच होतो, पदरावर मोर तीन असतील तर पाच येतात, आणि ते इतकं सफाईने येतं की पैठणी न नेसणाऱ्याला कळतही नाही. गिऱ्हाईक मात्र फोटो बघून मागवतं आणि हातात दुसरीच साडी पडते, मग रिटर्न. अशा दुकानदाराला तू काय विकू शकतोस? मॉडेल एआयची चालेल, पण काठ-पदर खऱ्या फोटोतून वर बसवून, रंग खऱ्या साडीशी जुळवून देईन, आणि प्रत्येक फोटो साडी शेजारी ठेवून तपासलेला असेल. हे काम काही वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हतं, लक्षात घे.

मराठी अक्षरांचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि इथे आपल्याला खरं तर मोकळं मैदान आहे. एआयच्या चित्रातली मोठी शीर्षकं आता बरीच बरी येतात, बारीक मॅटर अजून घसरतं, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर फुटलेलं, ऱ्ह, ऱ्य तर विचारूच नकोस. पण आपल्याच लोकांना हे नीट जमत नाही त्याचं काय? व्हॉट्सॲपवरून आलेलं युनिकोड मॅटर फोटोशॉपमध्ये टाकलं की "हार्दिक"ची वेलांटी पुढे पळते म्हणून अजून कितीतरी जण श्रीलिपीत (जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) परत टाईप करत बसतात, आणि परत टाईप करताना नव्या चुका. फोटोशॉपच्या पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की वेलांटी जागेवर बसते, एवढंच आहे ते. तसंच पाकळीचा ल आणि देठाचा श, ही मराठी वळणाची अक्षरं. मोफत मिळणारे बरेच देवनागरी फाँट डिफॉल्टला हिंदी वळणाचा ल-श दाखवतात, पण चांगल्या फाँटमध्ये मराठी रूपंही आत असतात, इनडिझाईनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की ती बाहेर येतात. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट गूगल फाँट्सवर फुकट आहेत, ते आपल्याच माणसांनी खपून केलेलं काम आहे, निदान ते तरी वापरा. कॅनव्हात पटकन केलेल्या मराठीत आणि नीट जुळवलेल्या मराठीत काय फरक पडतो हे सामान्य माणसाला शब्दात सांगता येत नाही, पण शेजारी शेजारी ठेवलं की बोट बरोबर दुसऱ्यावर जातं.

२०२२ मध्ये दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला, मराठी देवनागरी आधी आणि बाकीच्या लिपीपेक्षा लहान नको असा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही व्यापाऱ्यांना मुदत घालून दिली. एवढी मोठी संधी आली आणि आपण काय केलं, बहुतेक पाट्या इंग्रजी लोगोखाली नाहीतर वर कुठलातरी फाँट चिकटवून झाल्या. ज्या राज्यात अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकांची शीर्षकं अशी काढली की जाहिरातीतलं नाव लांबून ओळखू यायचं, तिथे ही गत. हे मशिनने केलेलं नाही, हे आपण सोडलेलं काम आहे. ज्या ब्रँडचा इंग्रजी लोगो आहे त्याला त्याच जातकुळीचा देवनागरी लोगो काढून देणं हे आजही चांगले पैसे देणारं काम आहे आणि त्यात स्पर्धा फार कमी आहे.

मालकीबद्दल थोडं, कारण क्लायंटला हे कुणी सांगत नाही. कॅनव्हाच्या तयार टेम्प्लेटमधून किंवा त्यातल्या स्टॉक चित्रातून केलेला लोगो ट्रेडमार्कला चालत नाही, कारण तेच चित्र वापरायचा हक्क बाकी सगळ्यांनाही आहे, हे कॅनव्हा स्वतःच सांगतं. निव्वळ एआयने बनवलेल्या चित्रावर अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही, आपल्या १९५७ च्या कायद्यात कंप्युटरने बनवलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती बनवायला लावणारी व्यक्ती अशी व्याख्या आहे, पण आजच्या एआयला ती कशी लावायची यावर वाद चालू आहेत. आणि तुझ्या बाजूने बघ, फ्रीलान्सरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर सहसा फ्रीलान्सरकडेच राहतो, क्लायंटला वाटतं पैसे दिले म्हणजे आपलं झालं. हक्क लेखी करून दिले पण मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात. तेव्हा एका पानाचं असाइनमेंट लेटर, म्हणजे हक्क क्लायंटच्या नावे करून देणारा कागद, वकिलाकडून एकदा करून घे आणि प्रत्येक लोगोबरोबर दे, ते लोगोच्या किमतीत धर. ज्याला पुढे ब्रँड रजिस्टर करायचाय तो या कागदासाठी तुझ्याकडे येईल.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. तुझी नाही, माझी तर नाहीच. आमच्यासारख्यांना चूक कुठे होते ते माहितीये कारण आम्ही वर्षानुवर्षं फालतू कामं केलीत. दिवसभर पेन टूलने दागिन्यांच्या कडेने पाथ (बाह्यरेषा) मारणे, साखळीची प्रत्येक कडी, एकाच जाहिरातीचे बारा साइझ करणे, अडीचशे पानांच्या अहवालात करेक्शन लावणे, छपाईच्या मशीनवर जाऊन उभं राहणे आणि मशीनवाल्याच्या शिव्या खाणे. ही कामं कंटाळवाणी होती पण त्याचे पगार मिळायचे आणि त्यातच नजर तयार व्हायची. आज बॅकग्राउंड एका क्लिकवर जातं, बारा साइझ आपोआप होतात, म्हणून स्टुडिओ ज्युनियर घेतच नाहीत. मीही पूर्वी दोन मुलं ठेवायचो, आता एक. म्हणजे जे काम मशिनला जमत नाही ते करणारा माणूस ज्या कामातून घडायचा तेच काम मशिनने नेलंय. अजून काही वर्षांनी पाउचवर पांढरा कुठे सोडायचा हे कुणाला विचारणार, मला खरंच माहीत नाही, आणि "नवीन संधी निर्माण होतील" असं म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

सॉफ्टवेअरचं विचारलंयस. मी सगळं वापरतो, त्यात लाज नाही. फोटोला ब्लीडसाठी (कापताना जाणारी जादाची कड) तीन मिलिमीटर बाहेर वाढवायचं तर पूर्वी क्लोन स्टँप घेऊन तासभर जायचा, आता जनरेटिव्ह फिल, फक्त शंभर टक्क्यांवर झूम करून बघायचं. क्लायंटला मूड दाखवायला एआयची चित्रं फार कामाची, बोलाचाली कमी होते. पण ते रफ म्हणूनच दाखवतो आणि रफ आहे असं सांगतो. ॲडोबीचं पूर्ण सबस्क्रिप्शन झेपत नसेल तर ॲफिनिटी हे दुसरं डिझाईन सॉफ्टवेअर बघ, २०२४ मध्ये ती कंपनी कॅनव्हाने घेतली आणि नंतर ते फुकट केलं, छपाईचं काम त्यात बऱ्यापैकी होतं, फक्त देवनागरी नीट बसतेय का ते स्वतः टाईप करून तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नकोस. कॅनव्हा प्रो (पैसे भरून मिळणारं कॅनव्हा) मात्र घेच, का ते सांगतो. तुझे दोनशे रुपयेवाले क्लायंट कॅनव्हा सोडणार नाहीत, तर त्यांना त्यांच्या ब्रँडचे रंग, फाँट, लोगो लावून दहा-बारा टेम्प्लेट कॅनव्हातच करून दे, एकदाच चांगले पैसे घे, रोजच्या पोस्ट ते स्वतः करतील आणि तीन महिन्यांनी नवीन सेट. रोज रात्री अकराला "सर उद्याची पोस्ट" हे बंद होतं ते वेगळंच सुख.

आणि कोटेशन बदल. "डिझाईन – अमुक रुपये" अशी एक ओळ लिहिणं बंद कर, कारण त्या ओळीची तुलना क्लायंट फुकटशी करतो. संकल्पना वेगळी लिही, मराठी-इंग्रजी मॅटर तपासणी वेगळी, छपाईची फाईल वेगळी, मशीनवर प्रूफ बघायला येणं वेगळं, मालकीचा कागद वेगळा. क्लायंटने स्वतःची फाईल आणली तर "फिनिशिंग" हा शब्दच वापरू नकोस, "छपाईयोग्य फाईल नव्याने तयार करणे" असं लिही, आणि तो नको म्हणाला, आहे तेच छापा म्हणाला, तर ईमेलवर लेखी घे की फाईल क्लायंटची आहे, रंग आणि मजकुराची जबाबदारी त्यांची. निम्मे लोक हे वाचल्यावर परत विचार करतात. बाकीचे निम्मे जातात, त्यांना जाऊ दे, दोनशे रुपयांत चार तास बसण्यापेक्षा ते परवडतं.

बहिणीबद्दल. मुंबईचं जे.जे. किंवा पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय अशा ठिकाणी, सरकारी नाहीतर अनुदानित फीमध्ये मिळत असेल तर जरूर पाठव. लाखो रुपये घेणाऱ्या, जाहिरातीत "एआय डिझाईन" लिहिणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सला नको, तिथे शिकवतात ते सॉफ्टवेअर कोर्स संपेपर्यंत बदललेलं असतं. आधी तिला एक विचार, अक्षर काढायला आवडतं का, तासन् तास बसून एकच अ पाच प्रकारे काढायला. नुसती इन्स्टावरची चित्रं आवडतात म्हणून यायचं असेल तर दुसरं काहीतरी शोधलेलं बरं. आली तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तिला एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये ठेव, पगार मागू नका, प्लेट कशी लागते, कागद कसा फुगतो, बायंडर कुठे कापतो एवढं बघू दे. नाशिकमध्ये ओळखीचा प्रेसवाला नसेल तर पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास बऱ्याच प्रेस आहेत, चार ठिकाणी विचारलं तर एक तरी हो म्हणतो, सांग, मीही दोन फोन करून बघतो.